पालथा दगड

बाबा, तुम्ही हयात असताना मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता, आणि आता आलाय तर ऐकायला तुम्ही नाही. वीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन. वर्षश्राद्धाला पान वाढते तेव्हा मनातल्या मनात तुमच्याशी दोन शब्द बोलते, तेवढंच. पण गेल्या आठवड्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. चहात मीठ घातलं, गॅसवर दूध ठेवून तुळशीपाशी जाऊन बसले. शेजारीण म्हणाली, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवणार? म्हणून कागद घेतला.

सुरुवात दादाच्या फोनने झाली. वास्कोला बंदरातली नोकरी संपवून तो तिथेच राहिला, गुडघ्यांमुळे आता पेडण्याचा डोंगर चढवत नाही त्याला. मला म्हणाला, "अगो, मूळपुरुष उघड्यार आसा, बरें दिसना. जत्रेच्या आधी घुमटी बांधून घे. तू डिचोलीला आहेस, तुला एका बसचं अंतर." त्याचा नातू यंदा पहिल्यांदा जत्रेत आमच्या घरचा पहिला नारळ घेऊन चालणार आहे. फोंड्याहून, वास्कोहून, सगळीकडून माणसं येणार. मला काय, रिकामीच आहे. कचेरीत पस्तीस वर्षं फायली लावून झाल्या, आता घुमटी बांधू म्हटलं. बेळगावकडचा एक गवंडी आणि त्याची बायको मिळाली. कामाला चोख, बोलायला कमी.

तो काळा दगड तुम्हाला आठवत असणारच. आपल्या वाड्याच्या टोकाला ख्रिस्तावांची जुनी सिमितेर, दफनभूमी, तिची भिंत पडलेली, आत मोडके क्रूस आणि रान. भिंतीच्या बाहेर चाफ्याखाली आपला मूळपुरुष. वाड्यावरची बारा-पंधरा घरं त्याला मानतात. दर वर्षी जत्रेच्या आदल्या सकाळी तुम्ही त्याला तेल घालायचे, नैवेद्याचं पान ठेवायचे आणि आम्हा भावंडांना तेच ते सांगायचे: आपला पूर्वज कुऱ्हाड घेऊन सावंतवाडीकडून आला, या डोंगरावरचं रान त्याने पहिल्यांदा तोडलं, आपण इथले मूळचे, म्हणून देवळात पहिला नारळ आपला. सांगताना तुमची मान अशी ताठ व्हायची की मलासुद्धा शाळेत चार बोटं उंच वाटायचं. आजूबाजूला सगळा तांबडा चिरा, आणि हा एकटाच दगड काळा कसा, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते. चिऱ्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही, भुगा होतो. अक्षर कोरायचं तर काळा दगड बाहेरून आणावा लागतो.

गवंडी म्हणाला, दगड एका बाजूला कललाय, लेव्हल करून बसवू. नवरा-बायकोने पहार घालून तो उचलला, आडवा केला. मी चाफ्याची फुलं वेचत होते. "बाई, खाली काय तर लिवलंय बघा," असं तो म्हणाला, आणि मग दोघंही दोन पावलं मागे सरली. मी जाऊन बघितलं. मातीने भरलेला क्रूस आणि त्याच्या खाली पाच ओळी. त्याच्या बायकोने पदराने माती पुसली. 

मला पोर्तुगीज येत नाही, तुम्हाला यायचं. गावातल्या लोकांची जुनी कागदपत्रं तुम्हीच तर वाचून दाखवायचे, मराठी शाळेतले मास्तर आणि वर पोर्तुगीज, केवढा मान. मी मोबाईलने फोटो काढला आणि मोबाईललाच विचारलं. त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं: इथे विसावला आहे तो, ज्याने या डोंगरावरचं रान प्रथम तोडलं, पत्नी आणि तीन मुलांसह, जी तापाने गेली. पुढे नाव होतं. ते आपलं नव्हतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या पाठीवर तेल ओतलं तो दुसऱ्याचा बाप होता, आणि त्याची गोष्टसुद्धा आपण उचलून आपली केली होती, फक्त कुऱ्हाड आपल्या हातात दिली.

गवंड्याने विचारलं, "आता कसा ठेवू, बाई? हाय तसा का अक्षरं वर करून?" मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

घरी येताना मला नवव्या वर्षातली एक सकाळ आठवली, आणि त्यानंतर दुसरं काही आठवेना. मी दगडावरचं शेवाळ खरवडतेय. तुम्ही पान लावताय. माझी बोटं दगडाच्या कडेखाली जातात आणि खाली काही तरी खणलेलं लागतं, पाटीवर खिळ्याने ओरखडे काढावेत तसं. मी म्हणते, "बाबा, खाली अक्षरं आहेत." तुम्ही म्हणता, "मुंग्या असतील, हात काढ." मी हात काढते. मला वाटतं, बाबा म्हणतात म्हणजे मुंग्याच.

आणि त्यानंतर वर्षाच्या आत ती म्हातारी आली. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी यायची ती, म्हापशाकडून पहिल्या बसने, काळा झगा, हातात मेणबत्त्या आणि आमच्यासाठी फडक्यात बांधलेले पावाचे गरम उंडे. तिच्या घरातली माणसं या डोंगरावर राहायची, तापाच्या साथीत निम्मी मेली, उरलेली बारदेशात परत गेली. सगळी सिमितेर ती वाकून वाकून बघायची आणि मग आपल्या अंगणात येऊन पाणी प्यायची. त्या दिवशी तिने तुम्हाला विचारलेलं मला शब्द न्‌ शब्द आठवतं. "बाब, आमच्या पणज्याचो फातर खंय मेळ्ळो काय? वचतना बागायत राखप्यांक सांगून गेल्लीं तीं, फातर पळयात म्हूण." काजूची बाग राखणाऱ्यांना ती माणसं सांगून गेली होती, दगडाकडे लक्ष ठेवा. तुम्ही तिच्या डोळ्यांत बघून म्हणालात, "ना गे माय. हांगा सगळे मोडके फातर. नांव खंयच दिसना." मी उंडा खात होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "बाबा, आपल्या दगडाखाली..." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एवढंच. ती गेल्यावर म्हणालात, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये.

त्याच वर्षी मी तुमची शाईची दौत सांडली आणि नाव मांजरावर घातलं होतं. तुम्ही मला ओट्यावर बसवून पन्नास वेळा लिहायला लावलंत, मी खोटं बोलणार नाही. मी रडत लिहीत होते आणि तुम्ही शेजारी बसून माझी वेलांटी सुधारत होता. पन्नास वेळा, बाबा. आणि बाग राखणारे म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक होतं. आपल्याशिवाय त्या डोंगरावर तेव्हा होतं कोण? राखायला दिलेलं आपण खाल्लं ते खाल्लं, वर मालकाला पालथा घालून त्याची पूजा मांडली. हे कोणी केलं, तुमच्या आज्याने की त्याच्या बापाने, देव जाणे. पण म्हातारीला नाही म्हणालात ते तुम्ही.

तरी माझा जीव मानेना. म्हटलं, तुम्हाला खरंच ठाऊक नसेल. दगड उचलायचं तुमच्या मनात कशाला येईल? दुसऱ्या दिवशी तुमची पत्र्याची ट्रंक काढली. तुमचा पोर्तुगीज शब्दकोश त्यात आहे, वाळवीने एक कोपरा खाल्लाय. मधोमध पातळ कागदाची घडी. उघडली तर पेन्सिलीने घासून उमटवलेला क्रूस आणि त्या पाच ओळी. म्हणजे तुम्ही कधी तरी एकट्याने, की कोणाला मदतीला घेऊन, तो दगड उचलला होता. खाली तुमच्या त्या मास्तरी अक्षरात मराठी, मोबाईलपेक्षा कितीतरी चांगलं. 

मग कागद उलटला. मागच्या बाजूला वेगवेगळ्या शाईत एकाखाली एक लिहिलं होतं. "म्हातारी पुढल्या वर्षी आली की सांगणे." त्याच्याखाली, "पुढल्या वर्षी नक्की." त्याच्याखाली नुसतं "पुढल्या वर्षी." अशा सात ओळी मी बोट ठेवून वाचल्या. आठवी होती, "यंदा आली नाही."

बाबा, हे तुम्ही कशाला ठेवलंत? जाळून टाकलं असतं तर मला तुमचा नुसता राग करता आला असता. तुम्ही सात वर्षं त्या बाईला पाणी देत होता, उंडे घेत होता, आणि ती बसला गेली की आत जाऊन शाई काढत होता. त्या ओटीवर बसून तुमच्या मनात काय चाललं असेल, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी तेव्हा तिथेच खेळत असेन. आईला तरी सांगितलं होतंत का? तिने कधी त्या दगडाला स्वतः पान ठेवलं नाही, नेहमी तुमच्या हातात द्यायची, हेही मला आत्ता आठवतंय.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे. तिसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस होता. मी बांधकामावर होते, गवंडी चिऱ्याचा चौथरा पुरा करत होता, दगड पोत्याखाली झाकून ठेवलेला. तेवढ्यात एक बाई सिमितेरीतून वाट काढत आली, पन्नाशीची असेल, चपला काट्यांनी भरलेल्या. म्हातारीची नात. म्हणाली, आजी मरताना सांगून गेली, एकदा तरी बघून ये, इतकी वर्षं जमलं नाही. हातात आजीच्या हातचा कागद, त्यात ते नाव, तेच, ज्याचा फोटो माझ्या पर्समध्ये मोबाईलवर होता. "तुमी हांगचीं मुळचीं न्ही?" म्हणाली. "तुमकां खबर आसतली. असो फातर खंय पळयला?"

पोत्याला माझा पाय लागत होता. गवंड्याच्या बायकोने हातातली थापी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला दादाचा नातू दिसला, नवं सोवळं नेसून, डोक्यावर पहिला नारळ. देवळातली माणसं एकमेकांच्या कानाला लागलेली दिसली. आणि बाबा, तुम्हाला वाटत असेल की मी तुमची कुंडली मांडून बसलेय म्हणजे मी सांगितलं असेल. मी म्हटलं, "नाही हो. इथे सगळे मोडके दगड." तुम्ही निदान तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला होता. मी चौथऱ्याकडे बघत म्हटलं.

ती म्हणाली, बरं. मग पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली. कुठल्या दगडापाशी लावावी ते तिला कळत नव्हतं, तुम्ही इथल्या, तुम्हाला बरं वाटेल तिथे लावा, म्हणाली. एका कागदावर फोन नंबर लिहून दिला, कधी काही आढळलं तर. आणि बसची वेळ झाली म्हणून गेली. मेणबत्ती स्वयंपाकघरात काडेपेटीशेजारी आहे, नंबर साखरेच्या डब्याखाली.

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर गवंड्याने पोतं काढलं. त्याने परत तेच विचारलं, कसा ठेवू. त्याच्या बायकोने पदराने पुसलेली अक्षरं अजून स्वच्छ होती. मी म्हटलं, होता तसाच. त्यांनी ठेवला. लेव्हल लावली, बाजूने सिमेंट भरलं. आता तो हलायचा नाही, गवंडी म्हणाला, शंभर वर्षं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक आहे, तुमच्या शब्दकोशात, तुमच्या कागदाशेजारी. तिथे लिहायला जागा आहे अजून, पण "पुढल्या वर्षी" लिहायलासुद्धा माझा हात होत नाही, कारण तुमचा दगड उचलता येत होता. सिमेंट पक्कं व्हायला आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला सांगितलंय. दादा म्हणाला, त्यासाठी कोणाला तरी ठेव. मी कोणाला ठेवलेलं नाही. रोज दोनदा बसने जाते आणि स्वतःच्या हाताने पाणी घालते. आज सकाळचं झालं, आता संध्याकाळचं घालायला निघते.