मागील भिंतीला दुसरा हात देण्यापूर्वी

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
भिंत व परिसर स्वच्छता विभाग,
तळमजला, खिडकी क्रमांक चार.

विषय: कार्यालयाच्या मागील भिंतीस रंगाचा दुसरा हात देण्यापूर्वी आपणास एक संधी देण्याबाबत.

संदर्भ: १) मागील भिंत "दोन हात मारून" पुसण्याचा आपला लेखी आदेश.
२) माझ्या निलंबनाचे पत्र, येत्या सोमवारपासून लागू.

महोदय,

मी या विभागात गेली चौदा वर्षे भिंतींवरची चित्रे व अक्षरे पुसण्याचे काम करणारी रंगारी आहे. हा अर्ज रागात लिहिलेला आहे. थंड डोक्याने लिहावा, असे आपल्या टंकलेखिकेने सुचवले होते. परंतु डोके थंड होण्याची वाट पाहिली तर मी निवृत्त होईन.

१. माझी नणंद मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण आहे. बंदर लागले की ती बाजारहाट उरकून त्या शहराच्या भिंती पाहत हिंडते व मला फोटो पाठवते. सुरुवात चेष्टेने झाली. "वहिनी, इकडे ये, जन्मभर पुरेल एवढं काम आहे तुला," असे तिने पहिल्या फोटोखाली लिहिले होते. पुढे मलाच नाद लागला. कुठे आगगाडीच्या पुलाखाली देवमासा, कुठे बंद गिरणीवर चार मजली आजीबाई, कुठे गटाराच्या झाकणाची केलेली टोपी. हळूहळू मला चितारणाऱ्यांचे हात ओळखू येऊ लागले. डावखुरा कोण, शिडीला भिणारा कोण, पावलांचा आवाज ऐकून अर्धे टाकून पळालेला कोण, हे मी आता भिंत बघून सांगू शकते. पाच वेगवेगळ्या बंदरांतल्या चित्रांच्या कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला तोच कोंबडा होता. नणंद व मी त्या चित्रकाराला 'कोंबडेवाला' म्हणतो. त्या शहरांनी त्याच्या चित्रांवर काच बसवली आहे.

२. गेल्या वर्षी तोच कोंबडा आपल्या मागील भिंतीवर, पत्र्याच्या पडवीखाली, उगवला. सोबत माणसांची रांग होती. सुजलेल्या पायातली चप्पल काढून उभे असलेले आजोबा, खांद्यावर झोपलेले मूल, कागदांची पिशवी छातीशी धरलेली बाई; आणि ही सगळी रांग आपल्या खऱ्या, कायम बंद असलेल्या खिडकीपाशी येऊन थांबत होती. लोक येऊन त्या रांगेत उभे राहत, फोटो काढत व हसत. चित्र दिसले त्याच दिवशी मी नणंदेचे पाचही फोटो जोडून आपणास लेखी कळवले की, हे चित्र मोलाचे आहे, पुसू नये. त्यावर आपण समासात लिहिले, "कोंबड्याचे कौतुक पुरे. दोन हात मारून पुसा." शिपायाला मात्र आपण खरे कारण सांगितले होते: "माझ्या खिडकीबाहेर रांग लागते, हे गावाला कशाला दाखवायचं?" शिपाई माझ्या शेजारी डबा खातो.

३. गेल्या महिन्यात, लोकांनी काढलेले ते फोटो पाहून, अकरा शहरांच्या पाहुण्यांनी येत्या शनिवारी ते चित्र पाहायला येत असल्याचे कळवले. तेव्हा आपण वर्तमानपत्रास सांगितले की, एका अडाणी कर्मचारी बाईने ते परस्पर पुसले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही. सासूबाईंनी तो अंक गादीखाली लपवला, पण तोवर गल्लीने वाचला होता. महोदय, या इमारतीत ते चित्र कोणाचे हे ओळखणारी मी एकटी होते. निलंबन मी सोसले असते. 'अडाणी' हा शब्द मला गिळता येत नाही.

४. आता कामाची बाब. मी भिंतीला एकच हात दिला आहे. तो कोरड्या डिस्टेंपरचा असून त्यात मी रंग धरून ठेवणारा सरस घातलेला नाही. पडवीमुळे त्याला पाऊस लागलेला नाही. ओल्या स्पंजने तो निघतो. काल वीतभर पुसून पाहिले. कोंबड्याचा पाय शाबूत आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्या आईनेही आपणास सांगितले असेलच.

५. तरी विनंती की, माझे निलंबन रद्द करावे. 'अडाणी' हा शब्द त्याच वर्तमानपत्रात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मागे घ्यावा. शनिवारी पाहुण्यांसमोर आपण स्वतः बाह्या सरसावून ती भिंत धुवावी. बादली मी देईन. मी खुर्चीवर बसून देखरेख करीन व जिथे कमी पुसले जाईल तिथे बोट दाखवीन.

६. हे मान्य नसल्यास माझे काही म्हणणे नाही. आपला आदेश दोन हातांचा आहे आणि तो आपण आजतागायत रद्द केलेला नाही. निलंबन सोमवारपासून आहे, म्हणजे शुक्रवारी मी कामावर आहे. तेलरंगाचा डबा मी भांडारातून रीतसर सही करून घेतला आहे. तेलरंग एकदा बसला की स्पंज चालत नाही. मग खरवडावे लागते, आणि खरवडले की चित्रही जाते. पाहुण्यांना आपला आदेश मी स्वतः वाचून दाखवीन.

७. या बाईचा त्या चित्रावर जीव आहे, तिच्याने हे होणार नाही, असे आपणास वाटेल. जीव आहेच. त्या रांगेत सगळ्यात मागे, डोक्याला फडके बांधलेली, हातात बादली घेऊन उभी असलेली बाई मी आहे. कोंबडेवाल्याला मी कधी पाहिले नाही. त्याने मला पाहिले होते. चौदा वर्षांत तेवढेच कोणी पाहिले. आपला आदेश आला तेव्हा पहिला हात मी तिच्या तोंडावरूनच फिरवायला सुरुवात केली होती. दुसराही तिथूनच सुरू करीन.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपली नम्र,

(सही)
रंगारी, भिंत सफाई पथक
दिनांक: १२, बुधवार

सोबत: १) समासातील शेऱ्यासह आपला आदेश, छायाप्रत. (मूळ प्रत नणंदेकडे, जहाजावर.)
२) कोंबड्याच्या पायाचा कालचा फोटो.
३) एक स्पंज, नवा.