आजीचं बिनआवाजी बोलणं

४ फेब्रुवारी
आजी कापडगिरणीत नक्की काय करायची? घरात कुणालाच ठाऊक नाही! दादा म्हणतो, "झाडू मारत असेल. जुनी मढी कशाला उकरतेस?" बाबांना माहीत असणार. त्यांचीच आई! पण महिन्यापूर्वीच्या घशाच्या ऑपरेशनपासून आवाज गेलाय, हातही थरथरतो. लिहिणार कसे?

५ फेब्रुवारी
बाबा पुन्हा काहीतरी सांगत होते. मी कान अगदी ओठांशी नेला. नुसती फुसफुस. पाणी दिलं — नको. उशी सारखी केली — नको. शेवटी चिडून भिंतीकडे वळले. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

९ फेब्रुवारी
आजी फार आठवतेय. गिरणीतली पाळी संपवून यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. बोलता बोलता आवाजच बंद करायची — नुसते ओठ, चांगले फाकवून! आम्ही भावंडं नक्कल करून लोटपोट व्हायचो. बाबा मात्र तिला तसंच उत्तर द्यायचे. मायलेकांचं काय गूळपीठ होतं, देव जाणे!

१२ फेब्रुवारी
सापडली! गिरणीमागच्या जुन्या खोल्यांत — आजीच्या शेजारच्या मागावरची बाई. दात नाहीत, कान ठार बहिरे, जीभ मात्र तिखट. "झाडू? अगं, विणकरीण होती ती! चार माग एकटी हाकायची!" मी काहीही विचारलं तरी हिला कळत होतं. माझ्या तोंडाकडे टक लावून होती. "मागांच्या त्या खडखडाटात ओरडून काय उपयोग? सगळ्याजणी ओठांनीच बोलायचो. मुकादमाला तोंडावर शिव्या घालायचो, त्याला पत्ता नाही!"
बाबांचं सांगितलं. कान जवळ नेते, तरी काही कळत नाही म्हटलं. तिने कपाळावर हात मारला. "कान कशाला नेतेस, बये? समोर बस. तोंड बघ!"

१३ फेब्रुवारी
दादाला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "चार?"

१४ फेब्रुवारी
आरशासमोर ओठ हलवून बघितले. हुबेहूब आजी! हसूही आलं, रडूही.

१५ फेब्रुवारी
बाबांसमोर स्टूल ओढून बसले. आवाज न काढता विचारलं, "काय हवंय?" ते बघतच राहिले. डोळे भरले. मग ओठ हलले — सावकाश, फाकवून, आजीसारखे. महिनाभर जे सांगत होते, तेच.
"दमलीस गं. बस जरा."