मोगलाईतली माणसे घरातच राहतात

मुक्काम धर्मापुरी

तीर्थरूप गहिनीनाथदादांच्या पायांवर धाकट्या भिवरेचा माथा. वहिनींचा खोकला हटला का? (लेंडीपिंपळी मधातून द्यावी.) इकडचे कुशल लिहायला बसणार होते, पण काल टपालाने मासिक आले नि कुशल तिथेच संपले. यांनी लावलेले मासिक, हे गेल्यावरही येते. वाचणारे माणूस राहिले नाही, म्हणून मीच अक्षरे जुळवत वाचायला शिकले. ते काय हे वाचण्यासाठी?

गेल्या साली तुमचे पुण्याचे चष्मेवाले स्नेही देऊळ पाहायला म्हणून तुमची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांनी मोगलाईतल्या, म्हणजे आपल्या निजामाच्या मुलखातल्या लोकांवर लेख लिहिला आहे. लिहितात, हे लोक गावात चांगली घरे बांधतात, पण त्यांना कुलपे घालून रानात कडब्याच्या खोपीत राहतात. सगळ्या भाज्या एकाच भांड्यात शिजवतात, कारण वेगळ्या शिजवण्याची कला त्यांना अवगत नाही. पाण्याऐवजी आंबील पितात. आणि जेवण झाले की ओरडत ओरडत अन्न शेतात फेकतात.

दादा, ती येळवस होती! मार्गशीर्षातल्या अवसेला सारे गाव रानात जाते, खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून सगळ्या भाज्यांची एकत्र भज्जी नि आंबील खाते, हाका देत शिवाराला घास देते, नि हे वर्षातून एकच दिवस. तुम्ही इथेच वाढलात, तुम्हाला काय सांगायचे? त्यांना मी सांगितले होते. पण ते तेव्हा भज्जी मागून घेण्यात गुंतले होते. (याचा लेखात उल्लेख नाही.) सकाळी आले, दिवस मावळायला गाडी जुंपून गेले, तेवढ्यात त्यांना सारी मोगलाई कळली. शेजारच्या हजराबीला वाचून दाखवले तर म्हणते, "बरं झालं बाई, माज्याकडं आले न्हाईत. आमचे रोजे चालू हुते. लिवलं असतं, मुसलमान जेवतच न्हाईत!" मला हसू आले, पण पुढचे वाचून आटले.

पुढे आहे, 'येथील स्त्रिया अन्नाविषयी बेफिकीर. एक भरलेले पान तसेच पडून होते.' दादा, ते यांचे पान होते. हे गेल्यावरची ती पहिली येळवस. विचारले असते तर सांगितले असते.

तेही गिळले असते. पण माझ्या लेकीची, वत्सीची सोयरीक तुम्ही पुण्यात जमवत आणलीत, आणि आज त्या घरून निरोप आला, 'मुलीला छपराखाली राहायची सवय आहे का?' त्यांच्याकडेही हेच मासिक जाते. पोर कालवण ढवळता ढवळता रडते आहे. पुण्याची माणसे सगळी असलीच, दादा. उतावळी, खादाड, नि वर शहाणी. (मी पाहिलेला पुणेकर एकच, पण तेवढा पुरे.) तुम्हीही आता तिथलेच झालात, तुमचेही काही सांगता येत नाही.

रागावलेली,
भिवरा

ता. क. येळवस जवळ आली. व्याह्यांकडच्या मंडळींना घेऊन या. पण आदल्या दिवशी आणा, म्हणजे रात्रभर आमचे छप्पर नीट पाहतील. दुसऱ्या दिवशी रानात नेऊ.

आणखी एक. चष्मेवाल्यांनाही आणा. यांचे पान या साली पण वाढणार आहे. यांच्यामागे इतक्या चवीने भज्जी खाणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही. बसू द्या त्यांनाच त्या पानावर.