माझा चौदा मिनिटांचा पियानो

४ फेब्रुवारी २०१९, कँटरबरी
थ्रिप नावाच्या इसमाचं पाकीट आलं. आमच्या 'टिन वेदरकॉक' बँडच्या दोन्ही रेकॉर्ड नव्यानं निघणार. सोबतच्या पुस्तिकेत बँडचा इतिहास हा लिहिणार. मसुदा पाठवलाय. १९६९ ते ७४, नऊ ड्रमर, हॉलंडचा एक दौरा. जॅझवाल्यांना आम्ही रॉकवाले वाटायचो, रॉकवाल्यांना जॅझवाले, त्यामुळे हॉल रिकामा. इथपर्यंत ठीक. माझ्यावर एकच ओळ: 'बेसवादक लेनर्ड पेलची पत्नी बर्नडेट, काही काळ पियानो.'
संकल्प: उत्तर सौम्य लिहायचं.

५ फेब्रुवारी
सहा पानं झाली. सौम्य आहेत. 'अडाणी' एकदाच. कळवलं की दुसऱ्या रेकॉर्डवरचा चौदा मिनिटांचा तुकडा, ज्याच्यासाठी लोक आजही ती रेकॉर्ड शोधतात, त्यातला इलेक्ट्रिक पियानो माझा. तसं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. लेनर्ड असता तर त्यानंच ठणकावून सांगितलं असतं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

११ फेब्रुवारी
थ्रिपचा फोन. म्हणे, मूळ टेपच्या डब्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: 'पियानोचा ट्रॅक पुसून पुन्हा घेतला, १९ मे ७२.' मी म्हटलं, अशक्य. १९ मेला मी लिव्हरपूलला होते, आईच्या अंत्यविधीला. त्यानं तारीख पुन्हा विचारून लिहून घेतली. चांगली जिरवली त्याची.

१४ फेब्रुवारी
साक्षीदार हवा म्हणून वृद्धाश्रमात रॉडनीला भेटले. सॅक्सोफोन वाजवायचा. आता त्याचा श्वास बिस्कीट खायलाही पुरत नाही. बँडमधले आम्ही दोघंच उरलोय. विचारलं, तो पियानो कुणाचा? म्हणाला, बर्नी, तुझी जीभ अजून सुरात आहे, बाकीचं सोड ना. पुन्हा विचारलं. म्हणाला, लेनर्डला शब्द दिलाय मी.
स्मरणशक्ती पार गेली बिचाऱ्याची.

२० फेब्रुवारी
थ्रिपनं टेपवरून तेवढा पियानो वेगळा काढून पाठवलाय. ऐकायची गरज नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोलंबानं पट्टी मारून ही बोटं घडवली. माझा हात मी ओळखते.
दुपार. ऐकणार नाही, हे ठरलंय.

२१ फेब्रुवारी
ऐकला.
आधी लेनर्डचा आवाज. चला रे, उरका, गुरुवारी ती परत येतेय. तिला सांगायचं नाही कुणी, आधीच आई गेलीय तिची. रॉडनी विचारतो, आणि ओळखलं तिनं तर? लेनर्ड म्हणतो, नाही ओळखणार, मी तिच्यासारखंच वाजवतो, फक्त तालात. सगळे हसतात. मग पियानो.

२३ फेब्रुवारी
थ्रिपला कळवलं, त्या तुकड्यापुढे लेनर्डचं नाव घाला. त्यानं विचारलं, मिसेस पेल, तुमची हरकत नाही ना? मी फोन ठेवला.
बैठकीत आईचा पियानो आहे, ती गेल्यावर लिव्हरपूलहून आणलेला. एक्केचाळीस वर्षांत लेनर्डनं त्याचं झाकण एकदाही उघडलं नाही. मी शिकवते म्हटलं की म्हणायचा, मला नाही जमायचं, तू वाजव. मग मी वाजवायचे, रोज संध्याकाळी. तो समोर बसून शेवटपर्यंत ऐकायचा.