निळी ओळ

८ सप्टेंबर
चाळीस गळ्यांचा आवाज. चौथीचा वर्ग, दुपारची कविता. मी एक ओळ म्हणायचो, पुढची वर्ग म्हणायचा. सगळे थांबले की मागच्या बाकावरून अर्ध्या मात्रेनं उशिरा एक आवाज यायचा. माझाच पोरगा, सुहास.
आज जेवताना तोच ऐकू आला. सुनंदा म्हणाली, "मामाजी, भात थंडा होऊन राहिला."

९ सप्टें.
सूनबाई सुनंदानं सुहासच्या संगणक-धड्यांची छापील पानं तपासायला दिली. तिच्या क्लासमधल्या मुलांसाठी पुस्तक करते आहे. पडद्यावरच्या काळ्या पाटीवर माणूस हुकूम टाइप करतो, यंत्र खाली उत्तर देतं. तेच सवाल-जबाब, जसेच्या तसे. माणसानं लिहिलेलं निळं, यंत्राचं काळं. रंग देणारा प्रोग्राम चुकतो. त्या चुका मी लाल पेन्सिलीनं खुणवायच्या. जन्मभर हेच केलं.
पानांखाली आणखी एक कागद. कोर्टाचा अर्ज. जुन्या पुलावर सुहासची नुसती मोटारसायकल सापडली त्याला सात वर्षं झाली. तो आता नाही, असं सुनंदानं आणि मी लिहून द्यायचं. सह्यांच्या जागा रिकाम्या.
कागद परत खाली सरकवला.

११
सतरा चुका. सगळीकडे यंत्राचं उत्तर निळं. सुनंदा: "त्याले काय समजते कोण बोलून राहिलं ते! अंदाजानं रंगवते."
पान ४१. माझीच कविता. कुठं छापली नाही, फक्त वर्गात शिकवली. सुहासनं तिचा खेळ केलेला: एक ओळ टाइप करा, यंत्र पुढची देईल.
नदीपल्याड कोण उभे?
मीच. पाणी ओसरू द्या.
उत्तर निळं. शिवाय चुकीचं. माझ्या ओळीत होडी येते: 'मीच. डोंगा येऊ द्या.' दोन खुणा केल्या. वर्गातही चुकायचा पोरगा.

१३
दुरुस्त पानं आली. सोळा चुका गेल्या. ४१ वरची ओळ निळीच, 'पाणी'ही तसंच. सुनंदानं स्वतः काळी केली होती म्हणते. पुन्हा छापली.
निळी.


१५
तिनं सुहासचा जुना संगणक उघडला. खेळाच्या फाइलीत 'डोंगा'च आहे. 'पाणी' कुठंच नाही. म्हणजे ते उत्तर यंत्रानं दिलंच नव्हतं. सुहासनं स्वतःच्या हातानं लिहिलं; धड्याच्या फाइलीवरची तारीख मोटारसायकल सापडली त्याच्या आदल्या दिवसाची.
सोळा ठिकाणी प्रोग्राम चुकला. सतराव्या ठिकाणी मी.
सुनंदा पडद्याकडे पाहत, "मले काहून नाही सांगितलं जी त्यानं?" मग, "अजून किती वाट पाहू मामाजी? उद्या सह्या करून टाकू."
हो म्हटलं.

१६, दुपार
अर्ज टेबलावर. सुनंदानं पेन उघडलं. म्हटलं, थांब, एकदाच म्हणू दे. वर्गात म्हणायचो तशी, खड्या आवाजात म्हटली,
नदीपल्याड कोण उभे?
अर्ध्या मात्रेचा उशीर.
"मीच. पाणी ओसरू द्या."
बाहेरून. बारीक आवाज.
दार मीच उघडलं. कधी न पाहिलेली बाई. तिचं बोट धरून पाच-सहा वर्षांची मुलगी, घोट्यापर्यंत चिखल. बरोबर उत्तर दिल्यावर पोरं हसतात तशी माझ्याकडे बघून हसली.
बाई म्हणाली, "मास्तरचं घर हेच का जी?"
मागं सुनंदाच्या हातून पेन पडलं. अजून तिथंच आहे.