अर्पिताचं पुस्तक

१६ जून. शाळा उघडली. वरून पत्र: पहिलीला मातृभाषेतून शिकवा. मी हेच वीस वर्षं सांगतोय! माझ्या पहिलीत पारधी वस्तीवरची अर्पिता आहे. दिवसभर तोंडातून शब्द नाही. मीही पहिलीत वर्षभर मुकाच बसलो होतो, घरी फक्त कन्नड. तो राग अजून आहे. निश्चय: पंधरा दिवसांत पारधी वाचनपुस्तक. भाषा शिकायला चार दिवस धरलेत.

२० जून. मुखपृष्ठ तयार. ‘लेखक: उमाशंकर गुरुजी’ जरा मोठं झालंय. ते दाखवायला वस्तीवर गेलो. अर्पिताची आजी धुरपताबाई म्हणाल्या, पोरगी घरी लई बोलती, साळंतच दातखीळ बसती. त्यांनी बारा शब्द सांगितले. मी म्हणून दाखवले तर सगळी वस्ती हसली. लोकांना माझी तळमळ भावते.

२५ जून. बारा शब्दांत पुस्तक होईना. पारधी पुस्तकं तुम्हीच पाठवा, असं शिक्षण ऑफिसला कडक पत्र. केंद्रप्रमुख अमरसिंह सर म्हणाले, जरा दमानं. दम गेला खड्ड्यात! एक तारखेपासून उपोषण.

१ जुलै, सकाळी ११. व्हरांड्यात बसलो. आता माघार नाही.

दुपारी १:१५. उठावं लागलं. खिचडीची चव गुरुजींनी घ्यायची असा नियम आहे, रजिस्टरवर सही माझी. पहिल्या वाटीत मीठ कळेना, म्हणून दुसरी.

४ जुलै. ऑफिसात आवाज चढवला. अमरसिंह सरांनी गेल्या वर्षीचा, मुलांच्या घरच्या भाषेचा तक्ता काढला. त्यावरूनच पुस्तकं येतात म्हणे. आमच्या शाळेत पारधी बोलणारी मुलं: शून्य. सगळी मराठी. कुणी हा विश्वासघात केला, असं मी ओरडलो. सरांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली सही माझीच. पहिल्या रकान्यात ‘मराठी’ टाकून मीच एक्सेलमध्ये शेवटपर्यंत ओढलं होतं. कामाचा ताण असतो. नवा तक्ता ९ तारखेला. आता दाखवतोच.

९ जुलै, दुपारी ४:५०. मुदत पाचपर्यंत. तक्त्यातल्या भाषांच्या यादीत पारधी नाही, ‘इतर’ आहे. त्याला प्रत्येक पालकाची सही लागते. पोरं नऊ, वस्ती दीड किलोमीटर. ही सरकारची चाल आहे. मी ओळखून आहे.

४:५८. मराठी. खाली ओढलं. मनात मात्र पारधीच लिहिलं.

५:१०. धुरपताबाई नातीला न्यायला आल्या. फाटकाशी अर्पिता पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, भरभर, चांगली चार-पाच वाक्यं. माझ्या बारा शब्दांतला एकही त्यात नव्हता. आजी म्हणाल्या, इचारतीय, माझं पुस्तक कवा येणार.

लवकरच, म्हणालो. मराठीत.