अकरा सेकंद

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझ्या सिग्नलपायी माणूस घरात कोंडलाय, हे तुला दुसरं कुणी कळवणार नाही, म्हणून मीच लिहिते. पुलापासून गिरणीपर्यंतचे सगळे सिग्नल तू एका माळेत ओवलेस, गाड्या न थांबता सुसाट जातात, पेपरात तुझं कौतुक आलं. बरं झालं. पण आमच्या दारातल्या चौकात पायी चालणाऱ्याला अकराच सेकंद? परवा हे काठी टेकत व्यायामाच्या दवाखान्याला निघाले. अर्ध्यात दिवा लाल झाला. दुभाजकावर वीतभर जागेत उभे, दोन्हीकडून गाड्या. मी पलीकडून नुसती बघत राहिले. आता म्हणतात, बाहेर पडणार नाही. डॉक्टर म्हणतो, व्यायाम सुटला तर पाय कायमचा जाईल.

ते अकरा कुठल्या गाढवाने मोजले, कळव.

तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

गाढव मीच. पण ताई, चालणारी तू होतीस. भाऊजींना अर्धांगाचा झटका यायच्या आधीची गोष्ट. भर दुपारी मी तुझ्या दारात घड्याळ घेऊन उभा, पायी कुणी येईना. तू म्हणालीस, त्यात काय एवढं, आणि पिशवी काखेत मारून अकरा सेकंदांत पलीकडे गेलीससुद्धा. मी तोच आकडा लिहिला. अजून माणसांची वाट बघायला हवी होती.

इथे वेळ वाढवला की पुढच्या सगळ्या सिग्नलच्या वेळा पुन्हा बसवाव्या लागतात. नवं मोजमाप असल्याशिवाय साहेब ऐकणार नाहीत. रागाव, पण परकं करू नकोस.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचायला घेतलं, मग बसले. मला थांबणं कधी जमलंच नाही. ह्यांच्याबरोबरही मी कायम चार पावलं पुढे. त्या दिवशीसुद्धा पलीकडे पोचून मीच ओरडत होते, चला लवकर.

काल शेजारणीला एक टोक धरायला लावून रस्ता दोरीने मोजला. तीच दोरी घरामागच्या बोळात अंथरली, ह्यांना तेवढं चालवलं. मी मागे, हातात घड्याळ. एकतीस सेकंद. तीनदा मोजले. ह्यांनी मधेच थांबून बघितलं, मी मागे आहे ना.

हा आकडा साहेबापुढे ठेव. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. जमतंय की नाही, एवढंच शनिवारपर्यंत कळव. माया नंतर कळव.

ताई